गावकुसाचे कामकरी : श्री संत चोखामेळा

देवालयाचा जीर्णोद्धार म्हटला की पहिली आठवण देवाची होते, दुसरी देणगीदारांची, आणि दगड-मातीत हात घालणाऱ्या माणसांची आठवण राहिलीच तर सर्वांत शेवटी. दिलेल्या रुपयाची पावती होते, वहीत नोंद होते, पुढे संगमरवरी फरशीवर नावही कोरले जाते. डोक्यावरून दगड वाहणाऱ्याने दिवसात किती फेऱ्या केल्या याची नोंद कोणत्याही वहीत राहत नाही. अशा कामकऱ्यांपैकी एकाचे नाव मात्र महाराष्ट्राने साडेसहाशेहून अधिक वर्षे जपले आहे. ते नाव श्री संत चोखामेळा यांचे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता भिंत अंगावर कोसळून शके १२६० म्हणजे इ. स. १३३८ साली त्यांचा अंत झाला. देवळाच्या दगडकामाच्या निमित्ताने निघणाऱ्या या पुस्तिकेत त्यांचे चरित्र असावे हे उचितच होय.

चोखोबांचे मूळ गाव म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे गाव परंपरेने सांगितले जाते. त्यांचे आयुष्य गेले ते मंगळवेढ्यास. मंगळवेढे हे पंढरपूरपासून सुमारे सहा कोसांवरचे जुने गाव. बाराव्या शतकात कलचुरी राजा बिज्जल याच्या काळी त्यास राजधानीचा मान होता. काळीभोर जमीन आणि तीत पिकणारी ज्वारी यांसाठी आजही त्याचे नाव आहे. चोखोबांच्या हयातीत देवगिरीच्या यादवांचे राज्य प्रथम डळमळले आणि १३१८ मध्ये पूर्णपणे बुडाले. पुढे १३२७ च्या सुमारास दिल्लीच्या महंमद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून तेथे राजधानी आणली. राज्ये बदलली, तरी गावगाड्याची रीत होती तशीच राहिली. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि त्यांत महार अशी जी कामांची वाटणी होती, तीत सुलतान आला म्हणून काही फरक पडला नाही.

महाराची कामे कोणती होती हे आजच्या तरुण पिढीस ठाऊक असेलच असे नाही, म्हणून येथे थोडक्यात सांगणे जरूर आहे. गावात मेलेली जनावरे ओढून नेणे, सारा तालुक्याच्या ठाण्यावर पोचवणे, निरोप घेऊन दुसऱ्या गावी धावणे, आल्यागेल्या अंमलदाराचे ओझे वाहणे, रात्रीची राखण करणे, शिवेचा तंटा निघाल्यास हद्द कोठून जाते याची साक्ष देणे आणि गावकुसाची पडझड झाली की ती दुरुस्त करणे. शिवेच्या तंट्यात महाराचा शब्द प्रमाण मानीत. म्हणजे गावाची हद्द त्याच्या जिभेवर होती आणि गावाची भिंत त्याच्या हातावर होती. त्याचे स्वतःचे घर मात्र त्या भिंतीच्या बाहेर होते. गावकुसाबाहेरचा हा शब्द आपण अजूनही वापरतो; तो कोठून आला हे वेगळे सांगावयास नको.

हे कूस म्हणजे काय, तेही पाहावे. गावठाणाला पांढरी आणि पिकाऊ जमिनीला काळी म्हणण्याचा जुना प्रघात आहे. पांढरीभोवती चोर, लुटारू व जनावरे यांपासून बचावासाठी जी भिंत घालीत ती गावकूस. ऐपतीप्रमाणे ती कोठे पांढऱ्या मातीची, कोठे दगडमातीची आणि मोठ्या ठाण्याच्या गावी घडीव दगडाची असे. दगडी भिंतीचे काम एका हाताने होत नाही. खाणीतून पहार, घण आणि पाचर यांनी दगड मोकळा करणारा निराळा, टाकीने त्याला तोंड आणि कोन देणारा पाथरवट निराळा, ओळंबा धरून थर लावणारा गवंडी निराळा. या सर्वांच्या हाताखाली दगड, माती, पाणी वाहणारे मजूर असत आणि तेच संख्येने सर्वांत अधिक. वेठीचा माणूस धरून आणला की तो याच कामावर लागे.

जाड दगडी भिंत बाहेरून पाहणाऱ्यास एकसंध वाटते, पण ती तशी नसते. दोन्ही अंगांस तोंड काढलेले दगड लावून मध्ये पोटात खांडकी आणि माती भरलेली असते. भिंतीची सारी ताकद तीन गोष्टींत आहे. एक, पाया घट्ट मुरमापर्यंत गेला पाहिजे. दुसरी, ठरावीक अंतरावर लांब दगड आडवे घालून आतली व बाहेरची बाजू एकमेकींस बांधली पाहिजे. तिसरी, उभा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर कधी येऊ देता कामा नये. घाईच्या कामात लांब दगड वगळले जातात, कारण ते खाणीतून काढणे आणि वाहून आणणे जिकिरीचे असते. मग पावसाचे पाणी वरून आत शिरते, पोटातली माती फुगते आणि दोन्ही अंगे आतून ढकलली जातात. भिंतीला पोट सुटले असे गवंडी म्हणतात ते हेच. त्यातून जमीन काळी असेल तर आणखी घात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हातभर खोल भेगा पडतात आणि तिच्यावर उथळ पायाने उभी केलेली भिंत वर्षातून दोनदा जागची हलते. काळ्या रानात पाया खणताना मुरूम लागेपर्यंत थांबू नये हा जुन्या गवंड्यांचा दंडक आहे. नव्या बांधकाम समित्यांनीही तो खर्चाकडे पाहून मोडू नये.

चोखोबांच्या घरी हे कष्टाचे काम वतनाबरोबर आले. परंतु त्यांना ओढ होती पंढरीची. संत नामदेव हे त्यांचे गुरू. नामदेव जातीने शिंपी, जन्म १२७० चा. त्यांच्या भोवती पंढरपुरात जो मेळा जमला त्यात गोरोबा कुंभार होते, सावता माळी होते, नरहरी सोनार होते, दासी जनाबाई होत्या. बहुतेक सारे हाताला काम असलेले लोक. या मेळ्यात चोखोबांना बरोबरीचे स्थान मिळाले. वाळवंटात कीर्तनास उभे राहण्यास त्यांना कोणी हरकत केली नाही. हरकत होती ती महाद्वाराच्या आत. वाळवंटातला वारकरी त्यांना आलिंगन देई आणि तोच पुढे दर्शनास आत गेला की चोखोबा बाहेर थांबत. हा प्रकार एक-दोन दिवसांचा नव्हता, जन्मभराचा होता.

याविषयी सांप्रदायात ज्या कथा सांगतात त्या महिपतीबुवा ताहराबादकर यांनी १७६२ साली पुऱ्या केलेल्या भक्तविजय ग्रंथामुळे घरोघरी गेल्या. एके रात्री श्री विठ्ठलाने स्वतः चोखोबांचा हात धरून त्यांना गाभाऱ्यात नेले. सकाळी पुजाऱ्यांना हे कळले, देवाचा हार चोखोबांच्या गळ्यात दिसला आणि त्यांना पंढरपुरातून निघून जाण्याचे फर्मान झाले. चोखोबा चंद्रभागेच्या पैलतीरी जाऊन राहिले. देवळात दिवा लावता येत नाही म्हणून त्यांनी त्या तीरावर देवासाठी दीपमाळ उभी केली. दगडाचा उभा स्तंभ, त्याला चोहोबाजूंनी काढलेले हात आणि त्या हातांवर पणत्या, अशी दीपमाळ आपण कितीतरी देवळांपुढे पाहतो. ती देवळाच्या अंगणात असते. चोखोबांची मात्र नदीपलीकडे राहिली. ज्याला उंबरठा ओलांडण्याची मनाई आहे त्याने देवाच्या दृष्टीस पडेल अशा जागी दगडावर दगड रचून दिवे लावावेत, ही कथा या पुस्तिकेच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. दीपमाळेला देणगी देणारे पुष्कळ असतात.

दुसरी कथा त्याच तीरावरची. लिंबाच्या सावलीत चोखोबा जेवावयास बसले, देवही पंगतीला आला. सोयराबाई वाढीत असता त्यांच्या हातून दही सांडले आणि देवाच्या पीतांबरावर उडाले. पीतांबर भिजला म्हणून चोखोबा बायकोला बोलले. तेथून जाणाऱ्या पुजाऱ्याच्या कानी हे पडले. त्याला देव काही दिसला नाही. हा आपणास हिणवतो आहे असे समजून त्याने चोखोबांच्या थोबाडीत मारली. स्नान करून तो देवळात गेला, तर मूर्तीचा गाल सुजलेला आणि पीतांबरावर दही. मग त्यानेच जाऊन चोखोबांस हात धरून आणले असे कथा सांगते. कथेतला पुजारी त्याच दिवशी सुधारला. प्रत्यक्षात महाद्वार उघडण्यास फार काळ गेला, त्याची हकीकत पुढे येईल.

चोखोबांनी अभंग रचले ते साडेतीनशेच्या आसपास आज मिळतात. अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने ते लिहून घेतले असे परंपरा सांगते. त्यात भक्ती आहे, लाघव आहे आणि दुखावलेल्या माणसाचा सवालही आहे. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा होत नाही, धनुष्य वाकले तरी बाण सरळ जातो, नदीला वळणे असली तरी पाण्याला वळण नसते, असे दाखले देऊन बाहेरच्या रूपावर भुलू नका असे त्यांनी सांगितले. जोहार हा महारांचा रामराम. तोच घेऊन त्यांनी देवापुढे आपण दारचे चाकर म्हणून उभे राहण्याचे अभंग केले. मात्र आपला हीन जन्म हे मागल्या जन्मीच्या कर्माचे फळ असेल असेही ते काही ठिकाणी म्हणून जातात. हे त्यांच्या काळाला धरून होते. पुढील काळात त्यांच्याच समाजातील विचारी लोकांना ते पटले नाही, आणि न पटणे योग्यच होते.

या घराण्याचे वैशिष्ट्य असे की एकट्या चोखोबांवर ते थांबत नाही. बापाची टाकी मुलाच्या हाती जावी तसा या घरात अभंग एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा या सर्वांनी रचना केली. बंका हे सोयराबाईंचे बंधू आणि निर्मळेचे पती, म्हणजे दोन्ही घरे दुहेरी नात्याने बांधलेली. सोयराबाई आपल्या अभंगात स्वतःला अभिमानाने चोख्याची महारी म्हणवून घेतात. देहाला विटाळ मानणाऱ्यांना त्यांनी सरळ विचारले आहे की विटाळावाचून कोणता देह जन्मास आला ते दाखवा. चौदाव्या शतकात एका गरीब, अस्पृश्य, लिहिता-वाचता येण्याची सोय नसलेल्या बाईने हा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर अजून कोणत्याही शास्त्रीपंडिताने दिलेले नाही. निर्मळा या चोखोबांनाच गुरू मानीत. संसारातली ओढाताण आणि नामाचा विसावा हा त्यांच्या अभंगांचा विषय. बंकांनी चोखोबांच्या घरचे देवाचे येणेजाणे वर्णिले.

सोयराबाईंच्या बाळंतपणाची कथा बायका अजून आवडीने सांगतात. पुष्कळ वर्षे मूल नव्हते. पुढे दिवस गेले, पण दिवस भरत आले तेव्हा घरात दाणा नाही आणि चोखोबा निर्मळेला आणण्याच्या निमित्ताने मेहुण्यास जाऊन राहिलेले. सोयराबाईंनी देवाचा धावा केला. विठ्ठल निर्मळेचे रूप घेऊन दारात आला, त्याने बाळंतपण केले, पाणी तापवले, बाळंतिणीला न्हाऊ-माखू घातले. खरी निर्मळा आल्यावर उलगडा झाला. महाराच्या झोपडीत सुईणीचे काम करणारा देव ही कल्पना ज्या बायकांनी प्रथम ओवीत, गोष्टीत सांगितली त्यांना विटाळाचा अर्थ कोणी शिकवावा लागला नव्हता.

या बाळंतपणातला मुलगा तो कर्ममेळा. बापाचा सोशिकपणा याच्या वाट्यास आला नाही. आम्हांस उष्टे खाण्याच्या जन्मास का घातलेस, लोक आमच्या जगण्याची लाज काढतात त्याची लाज तुला कशी नाही, अशा अर्थाने तो देवाशी भांडतो. मागल्या जन्मीचे फळ म्हणून तो गप्प बसत नाही. एकाच घरात वडील समजूत घालतात आणि मुलगा जाब विचारतो, हे वाचताना आजही मन थांबते. चोखोबांच्या चरित्रात कर्ममेळ्याची आठवण सहसा दोन ओळींत उरकतात. तो तेवढ्यावर सोडण्यासारखा नव्हे.

आता त्या शेवटच्या कामाविषयी. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम निघाले आणि अंमलदारांनी महारांना वेठीस धरून त्या कामावर लावले. चोखोबा तेव्हा वयाने वाढलेले होते. संत म्हणून त्यांचे नाव पंढरीत गाजत होते, परंतु वेठीला संत आणि इतर असा भेद नव्हता. नामस्मरण करीत ते दगडमाती वाहत राहिले. काम चालू असता बांधलेली भिंत ढासळली आणि खाली असलेले मजूर तिच्यात गाडले गेले. त्यात चोखोबाही होते. ढिगारा उपसून माणसे बाहेर काढण्याची तातडी कोणी केली नाही.

ही वार्ता पंढरपुरास पोचली. विठ्ठलाने नामदेवांना मंगळवेढ्यास जाऊन चोखोबांच्या अस्थी घेऊन येण्यास सांगितले असे सांप्रदाय मानतो. नामदेव येऊन पाहतात तो ढिगाऱ्याखाली अनेकांची हाडे एकत्र झालेली. यांतली चोखोबांची कोणती, हा प्रश्न पडला. तेव्हा नामदेव एकेक हाड उचलून कानाशी लावू लागले. ज्यातून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोखोबांची म्हणून वेचून घेतली. टाळ-मृदंगाच्या गजरात त्या अस्थी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांना समाधी दिली. ज्या दारातून जिवंतपणी आत जाता आले नाही त्याच दाराशी ते कायमचे राहिले. पुढे १३५० साली नामदेवांनी समाधी घेतली, तीही याच महाद्वारी पायरीच्या रूपाने.

नामदेवांच्या झोळीत चोखोबा आले. त्यांच्याबरोबर ढिगाऱ्यात गेलेल्या मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ती माणसेही कोणाची तरी बाप-भाऊ होती, त्यांच्याही घरी कोणी सोयरा, कोणी कर्ममेळा वाट पाहत असणार. चोखोबांच्या पुण्यतिथीस फूल वाहताना त्यांचीही आठवण धरावी.

चोखोबांची समाधी महाद्वारी झाली तरी त्यांच्या समाजाला त्या दारातून प्रवेश मिळाला नाही. पिढ्यांमागून पिढ्या महार वारकरी आषाढीस पायी येत, चोखोबांच्या समाधीपर्यंत जात आणि तेथूनच कळसाला हात जोडून परत फिरत. वतनाची कामेही तशीच चालू राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाविषयी बिल मांडले, कारण थोड्याशा जमिनीच्या बदल्यात साऱ्या कुटुंबाने रात्रंदिवस राबावे ही त्यांना गुलामी वाटत होती. अखेर ही वतने मुंबई कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करण्याच्या १९५८ च्या कायद्याने संपली. गावकूस दुरुस्त करण्याची सक्ती ज्या वतनातून येत असे, ते सहाशे वर्षांनंतर असे कागदावरून उतरले. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या उगमाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध केला, तो तिघा संतांच्या स्मृतीस अर्पण केला आहे: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. संतांच्या शिकवणुकीविषयी बाबासाहेबांचे मतभेद होते, तरी चोखोबांचे नाव त्यांनी ग्रंथाच्या माथ्यावर घेतले.

मंदिराच्या दाराचा प्रश्न सुटला तो साने गुरुजींच्या उपोषणाने. श्री विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला, ठिकठिकाणची मंदिरे व विहिरी खुल्या करविल्या आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. १३३८ ते १९४७ म्हणजे सहाशे नऊ वर्षे. तितका काळ चोखोबा दाराबाहेर होते आणि देव दाराच्या आत.

आज पंढरपुरी महाद्वाराशी येणारा वारकरी नामदेव पायरीला हात लावतो, पायरीवर पाय न देता बाजूने वर चढतो आणि समोर चोखोबांच्या समाधीला माथा टेकतो. मंगळवेढ्यातही चोखोबांची समाधी दाखवतात. पंढरपुरास जाणाऱ्या आपल्या गावच्या दिंडीने एखादे वर्षी सहा कोस पुढे जाऊन तीही पाहून यावी. काळ्या रानातून जाणारी ती वाट आता डांबरी झाली आहे आणि मोटारीस तासाभराहून अधिक वेळ लागत नाही.